‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे पेटणारे की न पेटणारे?

इंग्रजी शब्दांच्या आधी येणाऱ्या ‘अन’, ‘इन’, ‘डिस’, ‘नॉन’ या नकारांविषयी बरीच पत्रे आली. बहुतेकांनी ‘कोणत्या शब्दाला कोणता उपसर्ग लागतो’ याची यादी मागितली आहे. तशी यादी कुठल्याही गाइडात मिळते आणि परीक्षा झाली की विसरली जाते. म्हणून यादी बाजूला ठेवून, जिथे खरोखर पाय घसरतो तेवढे प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : पेट्रोलच्या टँकरवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेले असते आणि डासांच्या स्प्रेवर ‘फ्लेमेबल’. ‘इन’ म्हणजे नकार, तर मग हे उलट शब्द एकाच इशाऱ्यासाठी कसे चालतात? (एक वाचक, मनमाड)

उत्तर : दोन्हींचा अर्थ एकच आहे : ज्वालाग्राही, चटकन पेट घेणारे. घोटाळा ‘इन’मुळे होतो. लॅटिनमध्ये ‘इन’ दोन होते. एक नकाराचा, दुसरा ‘आत, मध्ये, कडे’ अशा अर्थाचा. ‘इन्फ्लेमेबल’मधला ‘इन’ हा दुसरा. ‘इन्फ्लेम’ म्हणजे पेटवणे, भडकवणे. शरीरात कुठे दाह झाला, सूज आली की डॉक्टर ‘इन्फ्लमेशन’ म्हणतात, ते ह्याच घरातले.

हे मराठीला नवीन नाही. ‘निष्फळ’, ‘निष्काम’ यांत नकार आहे, म्हणून ‘निष्ठा’ आणि ‘निष्णात’मध्ये कोणी नकार शोधत नाही. तिथे ‘निस्’ नाहीच, ‘नि’ आहे; पुढच्या ‘स्था’ आणि ‘स्ना’मधल्या स चा ष झाला, एवढेच. आपण हे शब्द लहानपणापासून ऐकतो म्हणून अडत नाही. इंग्रजी शब्द छापील भेटतो म्हणून अडतो.

ओळखायची युक्ती सोपी आहे. शब्दाच्या शेवटचे ‘एबल’ काढा आणि उरलेले क्रियापद इंग्रजीत आहे का ते पाहा. ‘इन्फ्लेम’ आहे, तेव्हा ‘इन’ त्या क्रियापदाचाच भाग, नकार नाही. ‘इनक्युरेबल’मधून ‘इनक्युअर’ उरते, असे क्रियापद नाही. तेव्हा हा ‘इन’ नकाराचा, म्हणजे रोग बरा न होणारा. याच कसोटीवर ‘इनहॅबिटेबल’ लावून बघा. ‘इनहॅबिट’ म्हणजे वस्ती करणे. मग ‘इनहॅबिटेबल’ म्हणजे राहण्याजोगे! राहण्यास अयोग्य म्हणायचे तर ‘अनइनहॅबिटेबल’ असा लांबलचक शब्द वापरावा लागतो. घराच्या कागदपत्रांत ‘इनहॅबिटेबल’ उलट अर्थाने लिहिलेले आढळले तर ते दुरुस्त करून घ्या.

‘इन्फ्लेमेबल’चा असा उलटा अर्थ लावून कोणाचा जीव जाऊ नये, म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२० च्या दशकात ‘फ्लेमेबल’ हा शब्द वापरा असा आग्रह सुरू केला. तोच आता बहुतेक लेबलांवर दिसतो. न पेटणाऱ्याला ‘नॉन-फ्लेमेबल’ म्हणतात. तेही ‘फायरप्रूफ’ नव्हे. न पेटणारी वस्तू उष्णतेने वितळू शकते, डबा फुटू शकतो.

प्रश्न : ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे बिनकिमतीचे ना? मग कोणाच्या मदतीला ‘इनव्हॅल्युएबल’ म्हटले तर तो अपमान नाही का? (अकरावीचा विद्यार्थी, लातूर)

उत्तर : नाही, स्तुती आहे. इथला ‘इन’ मात्र नकाराचाच. पण नकार कशाचा, ते बघायचे. ‘व्हॅल्युएबल’चा एक अर्थ ‘मौल्यवान’ आणि दुसरा ‘ज्याचे मोल करता येते असे’. ‘इन’ हा दुसऱ्याला नाकारतो : ज्याचे मोल करताच येत नाही. आपला ‘अमूल्य’ आणि ‘अनमोल’ अगदी ह्याच साच्यात घडले आहेत. अमूल्य वस्तूला कोणी फुकटची समजत नाही. कवडीमोल म्हणायचे असेल तर ‘वर्थलेस’ किंवा ‘व्हॅल्युलेस’.

तुमच्या पत्रात ‘इन्फेमस’ म्हणजे अप्रसिद्ध असे लिहिले आहे, तेही सुधारून घ्या. तो कुप्रसिद्ध. नवोदित कवीची ओळख करून देताना ‘इन्फेमस पोएट’ म्हणालात तर सभा हसेल आणि कवी उठून जाईल. त्याला ‘लिटल-नोन’ म्हणा. आणि उच्चार ‘इन-फेमस’ नाही. जोर पहिल्या ‘इन’वर द्यायचा आणि पुढचा ‘फे’ पुसट करायचा : ‘इन्फमस’. ‘फायनाइट’चा ‘इन्फिनिट’ होतो तसेच. ‘इन’ लागताच शब्दाचा जोर मागे सरकण्याची ही खोड काही जुन्या लॅटिन शब्दांत आहे. ‘इनव्हॅलिड’ तर जोर बदलला की अर्थ बदलतो. ‘व्हॅ’वर जोर दिला तर अवैध, बाद, ‘इन’वर दिला तर आजाराने अंथरुणाला खिळलेला माणूस.

प्रश्न : ‘पॉसिबल’चे ‘इम्पॉसिबल’, ‘लीगल’चे ‘इल्लीगल’, ‘रेग्युलर’चे ‘इर्रेग्युलर’. मुलगी विचारते, एकच ‘इन’ ठेवला असता तर काय बिघडले असते? आणि स्पेलिंगमध्ये अक्षर कुठे दोनदा येते, कुठे एकदा, याला काही नियम आहे का? (एक पालक, सांगली)

उत्तर : मुलीला ‘संत’ आणि ‘संप’ हे दोन शब्द मोठ्याने म्हणायला सांगा. दोन्हीकडे अनुस्वार सारखाच काढतो, पण ‘संप’ म्हणताना ओठ आधीच मिटतात, कारण पुढे प येतो आहे. ‘संत’मध्ये जीभ दातांकडे जाते. पुढच्या अक्षराची तयारी जीभ-ओठ आधीच करून ठेवतात. लॅटिन बोलणाऱ्यांनी तेच केले आणि केले तसे लिहिले. प, ब, म यांच्यापुढे ‘इन’चा ‘इम’ झाला : इम्पॉसिबल, इम्बॅलन्स, इम्मॅच्युअर. ल आला तर ‘इल’ : आपल्याकडे उत् + लास मिळून उल्लास, तत् + लीन मिळून तल्लीन होते तसे. र आला तर ‘इर’. क आणि ग यांच्यापुढे उच्चार ‘अंक’मधल्यासारखा होतो पण लिहिताना ‘इन’च राहतो, म्हणून ‘इनकरेक्ट’.

मग ‘अनपॉप्युलर’चे ‘अमपॉप्युलर’ का नाही? ‘अनलिमिटेड’, ‘अनरिअल’ तसेच का राहिले? कारण ‘अन’ इंग्रजीचा घरचा आहे, आणि ही अक्षरांची संधी लॅटिनच्या घरात झाली. इंग्रजीकडे ‘इम्पॉसिबल’ आधीच जुळून आला. ‘नॉन’ही म्हणूनच कधी बदलत नाही. आणि ‘इनपुट’, ‘इनमेट’, ‘इनलँड’ यांतला ‘इन’ म्हणजे साधा इंग्रजी ‘आत’. तोही जसाच्या तसा राहतो.

स्पेलिंगचा नियम एका ओळीचा आहे आणि त्याला फार अपवाद नाहीत : उपसर्गाचे एकही अक्षर गाळू नका, मूळ शब्दाचेही गाळू नका, आणि पदरचे घालू नका. ‘अननेसेसरी’ : ‘अन’चा एक एन, ‘नेसेसरी’चा एक एन, म्हणून दोन. ‘डिससॅटिस्फाइड’, ‘डिससिमिलर’, ‘मिसस्पेल’ यांत उपसर्ग एसवर संपतो आणि शब्द एसने सुरू होतो, म्हणून दोन एस. ‘डिसअपिअर’ आणि ‘डिसअपॉइंट’ यांत मूळ शब्द ए ने सुरू होतात, म्हणून एस एकच; दोन पी दिसतात ते ‘अपिअर’ आणि ‘अपॉइंट’चे स्वतःचे. सर्वात जास्त चुका याच दोन शब्दांत होतात : मुले एस दोनदा लिहितात आणि पी एकदा. मधे पेन्सिलीने उभी रेघ मारून शब्दाचे दोन तुकडे करायला लावा, चार दिवसांत चूक थांबते.

एक फसवा शब्द सांगून ठेवतो : ‘इनॉक्युलेट’, म्हणजे लस टोचणे. यात एन एकच, कारण ‘इन’ म्हणजे आत, आणि पुढचा शब्द ‘ऑक्युलस’, डोळा. झाडाचा डोळा काढून दुसऱ्या झाडात बसवणे हा त्याचा मूळ अर्थ. गुलाबाला डोळा भरणाऱ्या माळ्याला हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : ‘अन’ लावायचा की ‘इन’, हे ओळखण्याचा काही मार्ग? ‘अनएबल’ बरोबर, पण मग ‘अनएबिलिटी’ चूक का? (इंग्रजीच्या शिक्षिका, कराड)

उत्तर : पक्का नियम नाही, पण दोन उपयोगी खुणा आहेत.

पहिली शेपटाची. शब्द ‘एड’ किंवा ‘इंग’वर संपत असेल तर बहुधा ‘अन’. लॅटिन धाटणीचे ‘इबल’, ‘इव्ह’ शेपूट असेल तर बहुधा ‘इन’. त्यामुळे एकाच कुळातले शब्द वेगवेगळा नकार घेतात : अनडिव्हायडेड पण इनडिव्हिजिबल, अनएक्सप्लेन्ड पण इनएक्स्प्लिकेबल, अनडिसायडेड पण इनडिसायसिव्ह, अनडायजेस्टेड पण इनडायजेस्टिबल. अर्थही सरकतो, तो वर्गात जरूर दाखवा. ‘अनडिव्हायडेड’ म्हणजे अविभक्त, अजून वाटणी न झालेले. ‘इनडिव्हिजिबल’ म्हणजे अविभाज्य, वाटणी होऊच न शकणारे. अविभक्त कुटुंब अविभाज्य असतेच असे नाही, हे मुलांना लगेच कळते.

दुसरी खूण नामाची. विशेषणाला ‘अन’ असला तरी ‘इटी’ किंवा ‘इस’वर संपणारे लॅटिन नाम अनेकदा ‘इन’ मागते. अनएबल–इनॅबिलिटी, अनइक्वल–इनइक्वॉलिटी, अनस्टेबल–इनस्टॅबिलिटी, अनजस्ट–इनजस्टिस. ‘नेस’ हे घरचे शेपूट लागले तर ‘अन’ टिकतो : अनहॅपिनेस, अनफेअरनेस. ‘अनपॉप्युलॅरिटी’सारखे शब्द ही खूण मोडतात, तेव्हा तिला नियम म्हणून फळ्यावर लिहू नका. वर दिलेल्या चार जोड्या मात्र पाठच करून घ्याव्यात. उत्तरपत्रिकांत आणि अर्जांत ‘अनस्टॅबिलिटी’ सर्रास दिसते.

प्रश्न : आमच्या जमिनीच्या इंग्रजी कागदात एका ठिकाणी ‘नॉन-ॲग्रिकल्चरल’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘अनकल्टिव्हेबल’ असे शब्द आहेत. दोन्हींचा अर्थ ‘शेती नसलेली’ असाच ना? (एक वाचक, शिरूर)

उत्तर : अजिबात नाही, आणि जमिनीच्या बाबतीत ही गल्लत महागात पडते. ‘नॉन’ फक्त रकाना ठरवतो. ‘नॉन-ॲग्रिकल्चरल’ म्हणजे बिनशेती, कायद्याच्या भाषेत अकृषिक. ज्याला सगळे ‘एन.ए.’ म्हणतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ नुसार तो जमिनीच्या वापराचा प्रकार आहे. ती जमीन काळीभोर, बारमाही पाण्याची असू शकते. तरी तिचा वापर अकृषिक. ‘अनकल्टिव्हेबल’ हे जमिनीच्या गुणाविषयी बोलते : लागवडीला अयोग्य. सातबाऱ्यावर ज्याला ‘पोटखराब’ म्हणतात ते. पोटखराब क्षेत्र आपोआप एन.ए. होत नाही आणि एन.ए. झाली म्हणून जमीन पोटखराब ठरत नाही. तिसरा शब्द ‘अनकल्टिव्हेटेड’ असेल तर तो फक्त ‘यंदा पेरलेली नाही, पड आहे’ एवढेच सांगतो.

‘नॉन’चा हा थंडपणा सगळीकडे लक्षात ठेवावा. तो वर्गवारी करतो, दोष देत नाही. ‘नॉन-ह्यूमन’ म्हणजे मानवेतर; गाय नॉन-ह्यूमन आहे. ‘इनह्यूमन’ म्हणजे अमानुष, आणि ते माणसाला किंवा त्याच्या वागण्यालाच म्हणता येते. ‘इम्मॉरल’ म्हणजे अनैतिक. ‘एमॉरल’ म्हणजे ज्याला नीती-अनीतीचा प्रश्नच लागू नाही, जसे तान्हे मूल. ‘अनऑर्गनाइज्ड’ म्हणजे असंघटित. २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्यात तोच शब्द होता. ‘डिसऑर्गनाइज्ड’ म्हणजे विस्कळीत. मोलकरीण, हमाल, बिगारी हे असंघटित क्षेत्रातले. पण त्यांच्या कामाला विस्कळीत म्हणणारा ते काम एक दिवस करून पाहील तर बरे.

प्रश्न : ‘डिसइंटरेस्टेड’ आणि ‘अनइंटरेस्टेड’ यांत फरक आहे की दोन्ही चालतात? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : जपून लिहिणारे फरक करतात. ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे रस नसलेला. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे स्वतःचा स्वार्थ गुंतलेला नाही असा, निःस्वार्थी, तटस्थ. इथे ‘इंटरेस्ट’ म्हणजे आवड नाही, हितसंबंध. वाटणीच्या वादात पंच डिसइंटरेस्टेड हवा; अनइंटरेस्टेड असला तर तो झोपेल. गंमत अशी की सतराव्या शतकात या दोन शब्दांचे अर्थ बरोबर उलटे होते. त्यामुळे ‘डिसइंटरेस्टेड’ला रस नसलेला या अर्थाने वापरणाऱ्याला अडाणी म्हणू नये. स्वतः लिहिताना मात्र फरक पाळावा, आणि ऐकणारा गोंधळेल असे वाटले तर सरळ ‘इम्पार्शल’ लिहावे.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या लेखापरीक्षण अहवालात ‘अनक्वालिफाइड ओपिनियन’ असे लिहून आले. सभेत गदारोळ झाला की ऑडिटरच अपात्र आहे. खरे काय? (संस्थेचे सचिव, ठाणे)

उत्तर : पेढे वाटायला हवे होते. लेखापरीक्षकाने देण्यासारखे हेच सर्वात चांगले मत. ‘क्वालिफाय’चे दोन अर्थ आहेत : पात्र ठरणे, आणि एखाद्या विधानाला अट घालणे, मुरड घालणे. ‘अनक्वालिफाइड ओपिनियन’ म्हणजे बिनशर्त मत : हिशेब खरे आणि योग्य चित्र दाखवतात, माझी हरकत नाही. अलीकडे याच अर्थी ‘अनमॉडिफाइड’ हा शब्द वापरतात; तोही ‘कोणताही फेरफार न करता दिलेले मत’ असाच घ्यायचा.

काळजी करायची ती पुढच्या तिघांची. ‘क्वालिफाइड ओपिनियन’, म्हणजे अमुक बाब सोडली तर हिशेब ठीक. यात ‘एक्सेप्ट फॉर’ हे दोन शब्द शोधा. त्यांच्या पुढे जे लिहिले असेल तिथे खरी गोम असते. उदाहरणार्थ, सिंकिंग फंडाच्या (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीच्या) ठेवींच्या पावत्या दाखवल्या नाहीत. ‘ॲडव्हर्स ओपिनियन’ म्हणजे हिशेब चुकीचे चित्र दाखवतात. आणि ‘डिस्क्लेमर ऑफ ओपिनियन’ म्हणजे पुरेसे पुरावे मिळालेच नाहीत, म्हणून मत देत नाही. सभासदांना यातला ‘क्वालिफाइड’ हा शब्द कानाला सर्वात गोड वाटतो, आणि म्हणूनच तो वाचून दाखवताना अर्थही सांगावा.

‘अनक्वालिफाइड’ कुठे कोणता अर्थ घेतो हे त्याच्या पुढच्या नामावरून कळते. पुढे माणूस असेल (डॉक्टर, इलेक्ट्रिशियन, शिक्षक) तर अर्हता नसलेला. पुढे पाठिंबा, माफी, यश, मत असे काही असेल तर बिनशर्त, निखळ. ‘डिसक्वालिफाइड’ त्याहून वेगळा : कोणीतरी अपात्र ठरवलेला. निवडणुकीत अर्ज भरतानाच पात्रता नसणे आणि निवडून आल्यावर पद रद्द होणे, यांत जो फरक आहे तोच ‘अन’ आणि ‘डिस’मध्ये.

प्रश्न : आईच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये लिव्हर, किडनी, प्लीहा या प्रत्येकापुढे ‘अनरिमार्केबल’ लिहिले आहे. हे वाईट आहे का? (एक वाचक, अकोला)

उत्तर : शब्दाचा अर्थ चांगला आहे. व्यवहारात ‘अनरिमार्केबल’ म्हणजे सुमार, लक्षात न राहणारा. अहवालात मात्र ‘नोंद करावी असे काही दिसले नाही’, थोडक्यात नेहमीसारखे. वैद्यकीय कागदांवरचे आणखी काही नकार : ‘नॉन-टेंडर’, म्हणजे दाबल्यावर दुखत नाही, ‘एफेब्राइल’, ताप नाही, ‘ॲनइक्टेरिक’, काविळीची पिवळी झाक नाही, ‘नॉन-रिॲक्टिव्ह’, ज्यासाठी चाचणी केली ते आढळले नाही. ‘एसिम्प्टोमॅटिक’ हा एक सांभाळून वाचायचा. लक्षणे नाहीत एवढेच तो म्हणतो. आजार नाही असे म्हणत नाही.

वाय घातलेला ‘डिस’ दिसला (‘डिस्पनिया’, ‘डिसयुरिया’) तर तो आय घातलेल्या ‘डिस’पेक्षा निराळा. तो ग्रीक आहे आणि आपल्या ‘दुस्, दुर्’चा सख्खा भाऊ : नसणे नाही, बिघडणे. श्वास आहे पण कष्टाने, धाप लागते; लघवी होते पण दुखते, जळजळते. शब्द कळले तरी संपूर्ण अहवालाचा अर्थ डॉक्टरांनाच विचारा. एका ओळीतला ‘अनरिमार्केबल’ दुसऱ्या ओळीतल्या गाठीविषयी काही सांगत नाही.

प्रश्न : ‘अनलॉक’, ‘अनइन्स्टॉल’, ‘अनफॉलो’ यांत ‘नाही’ कुठे आहे? आणि मोबाइलमध्ये ‘डिसेबल’ व ‘अनइन्स्टॉल’ असे दोन पर्याय येतात, कोणता दाबावा? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : विशेषणाला लागणारा ‘अन’ आणि क्रियापदाला लागणारा ‘अन’ हे मुळात दोन निरनिराळे उपसर्ग, इंग्रजीत येता येता सारखे दिसू लागले. क्रियापदाचा ‘अन’ नाकारत नाही, केलेले उलटवतो. मराठीत यासाठी उपसर्ग लागत नाही, धातूच वेगळे आहेत : बांधणे–सोडणे, शिवणे–उसवणे, गुंडाळणे–उलगडणे. म्हणून ‘अनफोल्ड’चे भाषांतर करताना ‘अ’ शोधत बसू नये, ‘उलगडणे’ लिहून मोकळे व्हावे. जे उलटवता येत नाही त्याला हा ‘अन’ सहसा लागत नाही. खाल्लेले ‘अनईट’ होत नाही. दोन ‘अन’ एकाच शब्दात भेटले की दोन अर्थ निघतात. ‘अनलॉकेबल’ दार म्हणजे कुलूप न लागणारे की कुलूप उघडता येणारे? दोन्ही. संदर्भच ठरवतो.

मोबाइलचे म्हणाल तर ‘डिसेबल’ने ॲप फोनमध्येच राहते पण बंद पडते, यादीतून दिसेनासे होते, पुन्हा चालू करता येते. ‘अनइन्स्टॉल’ने ते काढून टाकले जाते. कंपनीने आधीच भरून दिलेल्या अनेक ॲपना ‘अनइन्स्टॉल’चा पर्यायच नसतो, तिथे ‘डिसेबल’वर भागवावे लागते.

प्रश्न : ‘मिसयूज’, ‘डिसयूज’, ‘अनयूज्ड’? (एक वाचक, धुळे)

उत्तर : ‘अनयूज्ड’ म्हणजे न वापरलेले, कोरे. ‘डिसयूज्ड’ म्हणजे पूर्वी वापरात होते, आता पडीक. गावाबाहेरची जुनी विहीर. ‘मिसयूज’ म्हणजे गैरवापर. मराठीतला ‘गैर’ दोन्ही कामे करतो, ‘गैरहजर’मध्ये नसणे आणि ‘गैरवापर’मध्ये चुकणे, म्हणून ‘मिस’चे भाषांतर करताना तो हाताशी असतोच. ‘मिसइन्फर्मेशन’ आणि ‘डिसइन्फर्मेशन’ यांतला फरक हेतूचा : पहिल्यात माहिती चुकीची, दुसऱ्यात ती चुकीची आहे हे ठाऊक असून मुद्दाम पसरवलेली.

प्रश्न : ‘अनलेस’, ‘युनॅनिमस’, ‘इर्रिगार्डलेस’ यांतले नकार समजावून सांगा. (स्पर्धा परीक्षेचा उमेदवार, परभणी)

उत्तर : ‘अनलेस’मध्ये ‘अन’ नाही, जुन्या ‘ऑन लेस’ या शब्दजोडीचा तो घासलेला अवशेष. ‘युनॅनिमस’मध्ये ‘युनुस’ म्हणजे एक आणि ‘ॲनिमुस’ म्हणजे मन : एकमताने. ‘युनिक’, ‘युनिफॉर्म’ याच ओळीतले. ‘यु’ असा उच्चार होत असेल तर नकार नाही. ‘इर्रिगार्डलेस’ कोशांत सापडेल, पण अप्रमाण अशा शेऱ्यासह. ‘लेस’ने एकदा नकार दिल्यावर पुढे ‘इर’ कशाला? परीक्षेत ‘रिगार्डलेस’ लिहा.

प्रश्न : इंग्रजी ‘अन’ आणि मराठी ‘अन’ (अनादर, अनिच्छा) सारखे वाटतात. योगायोग आहे का? (निवृत्त शिक्षक, वाई)

उत्तर : योगायोग नाही. विशेषणांना लागणारा इंग्रजी ‘अन’, लॅटिन ‘इन’, ग्रीक ‘अ/अन्’ आणि संस्कृत ‘अ/अन्’ हे एकाच मूळ नकाराचे वंशज. ग्रीक आणि संस्कृत यांनी तर नियमही तोच ठेवला : पुढे व्यंजन असेल तर ‘अ’, स्वर असेल तर ‘अन्’. अशक्य पण अनिच्छा; तसेच ‘एटिपिकल’ पण ‘ॲनार्की’. ‘ॲनार्की’चा शब्दशः अर्थ शासक नसणे. त्याला ‘अराजक’ हा प्रतिशब्द साच्यासकट बसतो.

याहून जवळचे दोन शब्द आहेत. ग्रीक देवांचे अन्न ‘ॲम्ब्रोसिया’ : ‘अ’ आणि मृत्यूवाचक धातू. तो आणि आपले ‘अमृत’ एकाच मुळापासून निघाले. ‘ॲमेथिस्ट’ हे जांभळे रत्न : ‘अ’ आणि पुढे मद्याचा ग्रीक शब्द ‘मेथु’, जो ‘मधु’चा नातलग. ते जवळ असले की दारू चढत नाही अशी ग्रीकांची समजूत होती, म्हणून ‘न चढू देणारे’.

‘ॲस्बेस्टॉस’मधला ‘ॲ’ही तोच नकार, अर्थ ‘न विझणारे’. ग्रीकमध्ये हे नाव कळीच्या चुन्याला होते. पाणी ओतले की विझायच्या ऐवजी तो फसफसून तापतो, हे चुना भिजवताना पाहिलेल्या कोणालाही पटेल. पुढे ते नाव एका तंतुमय खनिजाला चिकटले, आणि ते खनिज मुळात पेटतच नाही.